फॉरमॅट मारण्याआधी : कॉम्प्युटर दुरुस्तीचा पेनड्राइव्ह कसा तयार करायचा

बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींचा डेस्कटॉप मी फॉरमॅट करून दिला होता. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या सगळ्या फाइल्स आधी बाजूला काढल्या, विंडोज टाकलं, फाइल्स जागच्या जागी ठेवल्या आणि चहा पिऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन. गावच्या देवस्थानाचा इतिहास त्यांनी तीन वर्षं खपून टाइप केला होता आणि आता पान उघडलं की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची नुसती खिचडी दिसत होती. मजकूर होता सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या डीव्हीबी-टीटी सुरेख या जुन्या फाँटमध्ये. युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचा तो फाँट, आणि मी त्याच्यासकट सी ड्राइव्ह पुसून टाकला होता. तो फाँट संध्याकाळी एका ओळखीच्या ऑफिसातून मिळाला आणि गुरुजींचा देव पुन्हा मराठीत बोलू लागला. माझी मात्र दिवसभर झोप उडाली होती.

त्यानंतर माझ्या पेनड्राइव्हची रचनाच बदलली. आधी त्यात विंडोज होतं आणि ‘सगळं ठीक करणारी’ चाळीस सॉफ्टवेअर होती. आता त्यात पहिलं स्थान माणसाच्या फाइल्स सुखरूप बाहेर काढणाऱ्या साधनांना, दुसरं दुखणं ओळखणाऱ्यांना, आणि दुरुस्ती करणाऱ्यांना शेवटचं. विंडोज काय, तासाभरात पुन्हा टाकता येतं.

तसा पेनड्राइव्ह कसा उभा करायचा ते पुढे क्रमाने सांगतो. घरातल्या, सोसायटीतल्या, शाळेतल्या चार मशीनची काळजी घेणाऱ्या माणसाला नजरेसमोर ठेवून लिहिलंय. दुकान चालवणाऱ्यांना यातलं बरंच ठाऊक असेल.

पेनड्राइव्ह निवडताना

६४ जीबी पुरतो, १२८ असला तर हात मोकळा राहतो. विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉलची डिस्क एका फाइलमध्ये बांधलेली) एकटीच साधारण ६ ते ७ जीबी खाते, हिरेन या दुरुस्तीच्या संचाची ३ जीबीच्या आसपास, एखादं लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, मोफत प्रणाली) तेवढंच. बाकीची साधनं चिल्लर आहेत. यूएसबी ३ चाच घ्या. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला ८-१० एमबी वेगाने लिहितो, म्हणजे ६ जीबीची एक फाइल टाकायला दहा मिनिटं. घरी बसून ते चालतं, पण कुणाच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना अंगावर येतं. जुन्या लॅपटॉपची एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घातली, तर कोणत्याही पेनड्राइव्हपेक्षा ती सरस काम करते. माझ्याकडे हल्ली तीच असते, तरी सवयीने मी तिला पेनड्राइव्हच म्हणतो.

ऑनलाइन चारशे रुपयांत १ टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर हात लावू नका. त्याच्या आत चिप असते ८ किंवा १६ जीबीची आणि कंट्रोलर विंडोजला खोटं सांगतो. खरी जागा भरेपर्यंत सगळं आलबेल वाटतं, त्यापुढच्या फाइल्स नावाला दिसतात पण उघडत नाहीत. म्हणून नवा पेनड्राइव्ह, अगदी नामांकित कंपनीचा असला तरी, आधी एच२टेस्टडब्ल्यू या छोट्या मोफत प्रोग्रॅमने तपासा. तो पूर्ण जागा भरून लिहितो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. लिनक्सवर एफ३ हेच काम करतो. एक-दोन तास जातात, पण रात्री लावून झोपलं की झालं.

आणि पेनड्राइव्ह दोन लागतील. एक हत्यारांचा, दुसरा, शक्यतो मोठी बाह्य हार्डडिस्क, बाहेर काढलेला डेटा ठेवण्यासाठी. दोन्ही कामं एकावर केलीत तर एक दिवस घाईत कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंवर विंडोजची आयएसओ चढवाल.

व्हेंटॉय : एकाच पेनड्राइव्हवर अनेक बूट

पूर्वी रूफससारख्या प्रोग्रॅमने एक आयएसओ एका पेनड्राइव्हवर ‘बर्न’ करायची आणि दुसरी हवी तर पहिली पुसायची, असा उद्योग असे. रूफस आजही उत्तम आहे, पण आपल्या कामाला व्हेंटॉय हवं. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की पुढे आयएसओ फाइल्स नुसत्या कॉपी-पेस्ट करायच्या. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, म्हणजेच ‘बूट’ केलं, की त्या सगळ्यांची यादी पडद्यावर येते.

व्हेंटॉय फक्त त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा गिटहबवरून उतरवा. त्याच्या पॅकेजमध्ये आधीच तयार करून ठेवलेल्या काही बायनरी फाइल्स असतात, त्यावर जाणकारांनी आक्षेप घेतलेला आहे. ज्यांना तेवढीही शंका नको त्यांनी प्रत्येक आयएसओसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा. मी व्हेंटॉयच वापरतो.

झिप उघडा, आतला व्हेंटॉय-टू-डिस्क प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. वर ‘डिव्हाइस’मध्ये आपलाच पेनड्राइव्ह निवडलाय ना, हे जागेच्या आकड्यावरून दोनदा बघा, कारण इन्स्टॉल दाबलं की तो पूर्ण पुसला जातो. बाहेरून दुसरी हार्डडिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढूनच ठेवा. ‘ऑप्शन’ मेनूत सिक्युअर बूट (ओळखीचाच प्रोग्रॅम बूट होऊ देणारी मशीनची सोय) सपोर्टला टिक असू द्या, पार्टिशन स्टाइल एमबीआर राहू द्या; जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर ते चालतं. इन्स्टॉल दाबल्यावर प्रोग्रॅम दोनदा विचारतो, दोनदा ‘येस’ म्हणा.

आता पेनड्राइव्हचे दोन भाग झालेले दिसतील. ३२ एमबीचा एक छोटा भाग व्हेंटॉयचा स्वतःचा, त्याला हात लावायचा नाही. उरलेला मोठा भाग आपला. तो एक्सफॅट पद्धतीचा असतो, त्यामुळे फॅट३२ वरची ‘४ जीबीपेक्षा मोठी फाइल नको’ ही अडचण इथे येत नाही. उद्या व्हेंटॉयची नवी आवृत्ती आली तर ‘अपडेट’ दाबायचं, ‘इन्स्टॉल’ नव्हे. अपडेटने आपल्या फाइल्स शाबूत राहतात.

मोठ्या भागात मी चार फोल्डर करतो: बूट, विंडोज-टूल्स, ड्रायव्हर, आणि वही. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, काही बूट वातावरणांत देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. वहीत काय असतं ते पुढे येईल.

बूट फोल्डरमध्ये काय असावं

सिस्टमरेस्क्यू हे माझं सर्वांत जास्त वापरलेलं साधन. साधारण १ जीबीचं लिनक्स आहे आणि त्यात डिस्क वाचवायची जवळपास सगळी हत्यारं आधीच भरलेली असतात: डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, फोटोरेक, जीपार्टेड, डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल. चालू झाल्यावर काळा पडदा दिसला की घाबरू नका. ‘स्टार्टएक्स’ हा शब्द टाइप केला की माउसने चालणारा डेस्कटॉप उघडतो. ज्याला लिनक्सची अजिबात सवय नाही त्याने सोबत लिनक्स मिंटही ठेवावं. फाइल्स कॉपी करायला ते विंडोजइतकंच सोपं आहे, आणि मशीनचं वायफाय, आवाज, टचपॅड धड आहे की नाही हेही त्यावर लगेच कळतं. मिंटमध्ये वायफाय चाललं आणि विंडोजमध्ये नाही, तर दोष हार्डवेअरचा नाही, एवढा निकाल पाच मिनिटांत लागतो.

रेस्क्यूझिला: पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढून ठेवायला. क्लोनझिला या तशाच साधनाचं हे माउसवालं भावंड म्हणा, दोघांच्या प्रतिमा एकमेकांना चालतात.

मेमटेस्ट८६+: रॅम तपासायला, काही एमबीचं. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवाल्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या, मशीनवरही चालतं, त्यामुळे नवीच आवृत्ती घ्या. ८६ नंतर अधिकचं चिन्ह नसलेलं दुसऱ्या कंपनीचं एक साधन आहे, नावात फसगत होते. तेही चांगलं आहे, पण आपल्याला हे पुरे.

हिरेन्स बूटसीडी पीई. जुन्या लोकांना हिरेन म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. २०१२ ची १५.२ ही जुनी मालिकेतली शेवटची. तिच्यात पैसे मोजून घ्यायची बरीच सॉफ्टवेअर फुकट घातलेली असत. ती आता नको. नवी पीई आवृत्ती विंडोज पीई या इन्स्टॉल न करता चालणाऱ्या छोट्या विंडोजवर उभी आहे, त्यात मोफत साधनंच आहेत, आणि बंद पडलेल्या विंडोजच्या डोक्यावर बसून विंडोजसारख्याच पडद्यावर काम करता येतं.

शेवटी विंडोज ११ आणि विंडोज १० यांच्या मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या आयएसओ. विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, पण ती मशीन काही त्या दिवशी बंद पडली नाहीत. त्यांच्या स्टार्टअप रिपेअरसाठी ती आयएसओ लागतेच.

प्रत्येक मोठी फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच, संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. ७-झिप बसवलेलं असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून हा आकडा मिळतो. अर्धवट उतरलेली आयएसओ ऐन वेळी कळणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

क्रॅक, ॲक्टिव्हेटर, ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ यातलं काहीही या पेनड्राइव्हवर नको. ॲक्टिव्हेटर टाकताना पहिली अटच असते ‘अँटिव्हायरस बंद करा’. जे घर राखायला आपण आलो त्याचं दार आपणच उघडून द्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय उद्या त्या मशीनवरून कुणाच्या खात्यातले पैसे गेले तर बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल.

विंडोज चालू असताना लागणारी साधनं

ही सगळी इन्स्टॉल न करता चालणारी हवीत. उतरवताना ‘पोर्टेबल’ किंवा ‘झिप’ निवडा.

डिस्कच्या तब्येतीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. कुठल्याही मशीनवर मी सर्वांत आधी हेच उघडतो. ‘गुड’ निळं दिसलं तर पुढे जायचं. पिवळं ‘कॉशन’ दिसलं की सगळी कामं थांबवून डेटा काढायला लागायचं. हार्डडिस्क असेल तर खालच्या यादीत तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. बदललेले, प्रलंबित आणि न वाचता येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तिथे शून्य असावं. आकडे सोळाच्या पद्धतीत असतात, त्यामुळे शेवटी १० दिसलं तर ते सोळा आहेत.

सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स: विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं याची इतकी पूर्ण यादी दुसरं कुणी देत नाही. मार्क रुसिनोविच यांची ही साधनं २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहेत. उघडल्यावर आधी मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, मग उरलेल्यांत संशयित दिसेल त्याची टिक काढा. डिलीट करू नका. टिक काढलेली परत लावता येते.

जागा कुणी खाल्ली हे बघायला विझट्री, तापमान आणि हार्डवेअरची कुंडली बघायला एचडब्ल्यूइन्फो, जाहिरातींचा कचरा काढायला ॲडडब्ल्यूक्लीनर. व्हायरससाठी मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर चांगलं आहे, पण ते उतरवल्यापासून १० दिवसांतच कालबाह्य होतं. ते पेनड्राइव्हवर साठवून काही उपयोग नाही, त्याचा फक्त दुवा वहीत ठेवा. निरसॉफ्टची काही पासवर्ड दाखवणारी साधनं कामाची आहेत, मात्र डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस त्यांना व्हायरस समजून उडवतो. ठेवायचीच तर पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये.

ड्रायव्हर फोल्डरमध्ये जग गोळा करू नका. दोनच गोष्टी. एक, तुमच्या नेहमीच्या मशीनचे नेटवर्क ड्रायव्हर. दुसरी, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर, उलगडून ठेवलेला. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसलं की यादीत डिस्कच दिसत नाही आणि माणूस डिस्क गेली समजून हबकतो. डिस्क ठणठणीत असते. व्हीएमडी नावाच्या सोयीमुळे सेटअपला ती दिसत नाही एवढंच. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून हा फोल्डर दाखवला की डिस्क हजर होते.

वायफायचा ड्रायव्हरच नाही आणि तो उतरवायला इंटरनेट हवं, अशी गोची झाली तर मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन विंडोजला बहुतेक वेळा स्वतःहून नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो.

वही

हा साध्या टेक्स्ट फाइल्सचा फोल्डर आहे, आणि पेनड्राइव्हवरची सर्वांत मोलाची जागा. पहिल्या फाइलमध्ये बूट मेनूच्या कळा: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, एसरला एफ१२ पण तो मेनू आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावा लागतो, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि मदरबोर्डला एफ८, एमएसआय आणि एएसरॉकला एफ११, गिगाबाइटला एफ१२. ही फाइल छापून पाकिटात ठेवा. मशीन बंद असताना पेनड्राइव्हवरची फाइल वाचणार कशी!

दुसऱ्या फाइलमध्ये फॉरमॅटआधीची यादी. गुरुजींच्या प्रकरणानंतर ती लिहायला घेतली आणि ती अजून वाढतेच आहे. आपल्याकडच्या मशीनवर विशेष काय बघायचं, ते असं:

फाँट. विंडोजच्या फाँट्स फोल्डरची पूर्ण प्रत घ्या, आणि वापरकर्त्याच्या ॲपडेटा-लोकल-मायक्रोसॉफ्ट-विंडोज-फाँट्स या आतल्या फोल्डरचीही, कारण विंडोज १० पासून फाँट तिथेही बसतात. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, जे असेल ते. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीचं लॉक यूएसबीत लावलेलं असेल तर ते कुठल्या आवृत्तीचं आहे हे विचारून लिहून घ्या.

टॅली. डेटा नेमका कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका, टॅली उघडत असेल तर आतच डेटाचा मार्ग दिसतो. उघडत नसेल तर सर्व ड्राइव्हमध्ये ‘डेटा’ नावाचे फोल्डर शोधून त्यांच्या तारखा बघा. एकाच मशीनवर तीन जुन्या प्रती सापडणं नेहमीचं आहे, आणि व्यापारी ज्यात काल रात्री एंट्री केली तीच मागतो.

डिजिटल सहीचं टोकन. सही टोकनमध्ये सुरक्षित असते, पण त्याचा ड्रायव्हर फॉरमॅटबरोबर जातो. जीएसटी किंवा ई-टेंडरची शेवटची तारीख उद्या असेल तर टोकनची कंपनी कोणती, हे आधीच नोंदवा.

त्याशिवाय ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, आउटलुकच्या पीएसटी (साठवलेल्या ईमेलच्या) फाइल्स, प्रिंटरचं मॉडेल, विंडोज-ऑफिस कोणत्या खात्यावर आहे, आणि सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात काढून ठेवणं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्म या कमांडच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्यायाने ते होतं, कमांड वहीतच लिहून ठेवा.

बिटलॉकर, म्हणजे दाराला लागलेलं कुलूप

बिटलॉकर म्हणजे किल्लीशिवाय डिस्क वाचता येऊ नये अशी विंडोजची सोय. पूर्वी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने बूट केलं की सगळा डेटा समोर. आता तसं राहिलेलं नाही. विंडोज ११ च्या २४एच२ पासून, नवं विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. इलाज सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारं साधनही काढलं. पण अनेक ठिकाणी अडलं ते बिटलॉकरच्या किल्लीपाशी, कारण ४८ आकडी किल्ली प्रत्येक मशीनला वेगळी आणि हाताने घालायची.

त्यामुळे मशीन चालू असेल तेव्हाच विचारा: कुलूप आहे का, किल्ली कुठे आहे? घरगुती मशीनची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, उपकरणांच्या रिकव्हरी की विभागात सापडते. मालकाच्याच मोबाइलवर लॉगिन करवा. खात्यात दोन-चार किल्ल्या दिसल्या तर निळ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती निवडा. आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करण्याआधी किल्ली हातात असलीच पाहिजे. ते सेटिंग हलवलं की पुढच्या वेळी विंडोज किल्ली मागू शकतं.

व्हेंटॉयसाठी सिक्युअर बूट सहसा बंद करावं लागत नाही. पहिल्यांदा निळ्या पडद्यावर ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ येईल. ओके दाबा, लगेच कुठलीही कळ दाबा, ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ निवडा, व्हीटॉयईएफआय या भागात शिरून तिथली एकमेव ‘एन्रोल धिस की’वाली फाइल निवडा, कंटिन्यू, येस, रीबूट. एका मशीनवर हे एकदाच.

प्रत्यक्ष वापरताना

मशीन समोर आलं की आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही. केबल, कनेक्टर किंवा डिस्क. तिथेच तारीख-वेळही बघा. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपची तारीख दहा-बारा वर्षं मागे गेलेली असते, मग एकही संकेतस्थळ उघडत नाही आणि मालकाला व्हायरस वाटतो. बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलला की व्हायरस जातो. पाकिटात दोन सेल ठेवतो मी.

डिस्क दिसत असेल आणि विंडोज उघडत नसेल तर पेनड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू किंवा मिंट चालू करा आणि डेटा बाहेर काढा. ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला तर जबरदस्ती करू नका. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे डिस्क अर्धवट झोपेत असते, आणि कॉपी करायला वाचता येणं पुरेसं आहे. वापरकर्त्याच्या फोल्डरात डेस्कटॉप रिकामं दिसलं तर वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याच्या) फोल्डरात बघा, हल्ली विंडोज डेस्कटॉपला परस्पर तिथे हलवतं. तिथल्या काही फाइल्स कॉपीच होत नसतील तर त्या डिस्कवर नसून फक्त ढगात, म्हणजे त्या ऑनलाइन साठ्यात, असतात, त्या मालकाच्या खात्यातून उतरवाव्या लागतील.

बिटलॉकरवाल्या मशीनला एक देशी जुगाड सांगतो. विंडोजच्या आयएसओवरून बूट करा, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी उघडली की मॅनेज-बीडीई कमांडने किल्ली घालून ड्राइव्ह उघडा, मग नोटपॅड चालवा. नोटपॅडच्या ‘ओपन’ खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडलं की तीच तुमची फाइल मॅनेजर. राइट-क्लिक करून कॉपी, दुसऱ्या ड्राइव्हवर पेस्ट. किती झालं हे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, वाट बघा. आणि ध्यानात असू द्या, या वातावरणात नेहमीचा सी कधीकधी डी किंवा ई झालेला असतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं म्हणजे मोडलेल्या पायावर माणसाला चालवणं. डेटा मोलाचा असेल तर तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत पाठवा. आवाज नाही पण वाचताना अडखळतेय, अशा डिस्कवर डीडीरेस्क्यू. ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं आणि अवघड जागांवर नंतर परततं. सोबत मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) दिली तर मध्येच वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. कमांडमध्ये आधी आजारी डिस्क, मग नवी. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं संपतं. मी एन्टर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे आकार मोठ्याने वाचतो, शेजारी कुणी हसलं तरी.

चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क-तपासणीबद्दल माझं मत कडक आहे. आजारी डिस्कवर डेटा काढण्याआधी ती चालवू नये. ती फाइलसिस्टिम सुसंगत करते, तुमच्या फाइल्स वाचवत नाही; गडबडलेल्या नोंदी छाटून टाकायला तिला काहीच वाटत नाही.

चुकून डिलीट झालेलं परत हवं असेल तर त्या डिस्कवर काहीही न लिहिता थांबा. पार्टिशनच गायब असेल तर टेस्टडिस्क, नुसते फोटो हवे असतील तर फोटोरेक. फोटोरेक फाइल्स आणतं पण नावं आणत नाही. सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर साठवा. एसएसडीवरून डिलीट झालेलं मात्र ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा लगेच रिकामी करण्याच्या सोयीमुळे) बहुधा कायमचं गेलेलं असतं, तसं आधीच सांगून टाकलेलं बरं.

डेटा निघाला की मन शांत होतं, मग दुरुस्ती. कुठेही, कसंही अडकणारं, वेगवेगळे निळे पडदे दाखवणारं मशीन असेल तर मेमटेस्ट रात्रभर लावा. लाल ओळ एक आली तरी रॅम सदोष. एकेक पट्टी काढून कोणती ते ओळखा. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हळू पुसून पुन्हा घट्ट बसवल्यावर चालू झालेली मशीन मी मोजायची सोडून दिलीत. विंडोज उघडतंय पण बिथरलंय, तर त्याच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड: डिस्म रिस्टोअर-हेल्थ आणि त्यामागून एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने. नुसतं स्लो असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर लावू नका. एसएसडी बसवा. रेस्क्यूझिलाने जुनी प्रतिमा काढून नवीवर चढवली की विंडोज पुन्हा टाकायचीही गरज नाही, फक्त नवी डिस्क आकाराने लहान नसावी.

पेनड्राइव्ह स्वतः आजारी पडू नये म्हणून

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, हे ज्याने अनुभवलं नाही असा कॉलेजचा विद्यार्थी दाखवा. फाइल्स तिथेच असतात, त्यांच्यावर ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’चा शिक्का मारलेला असतो, लिनक्समध्ये उघडलं की उघड्या दिसतात आणि उचलता येतात. पण आपला हत्यारांचा पेनड्राइव्ह असा बाटला तर आपणच घरोघर रोग वाटत फिरू.

त्यावर उपाय साधा आहे. घरच्या मशीनवर या पेनड्राइव्हची पूर्ण मास्टर प्रत ठेवा. संशयित मशीनवर शक्यतो विंडोज चालू असताना पेनड्राइव्ह लावूच नका, थेट त्यावरून बूट करा. लावावाच लागला तर घरी आल्यावर तो लिनक्समध्ये उघडून पुसा आणि मास्टरवरून नव्याने भरा. राइट-प्रोटेक्टचा खटका असलेले पेनड्राइव्ह मिळतात. मिळाला तर जरा जास्त पैसे देऊन घ्या.

वाचवलेला डेटा मालकाच्या हाती दिला, त्याने चार फाइल्स उघडून बघितल्या, की आठवड्याभराने तुमच्याकडची प्रत पुसा आणि तसं त्याला कळवा. लोकांचे आधारकार्ड, लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब आपल्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहणं बरं नाही.

दर तीन महिन्यांनी एक संध्याकाळ काढा. मी दिवाळी, संक्रांत, पाडवा आणि आषाढी धरतो, लक्षात राहायला सोपं जातं. व्हेंटॉय अपडेट, सिस्टमरेस्क्यू आणि विंडोजची नवी आयएसओ, विंडोज-टूल्समधल्या सगळ्यांच्या ताज्या प्रती. मग प्रत्येक आयएसओ एकदा खरोखर बूट करून बघा, एका जुन्या आणि एका नव्या मशीनवर. कधी काय बदललं ते वहीत तारखेसह एका ओळीत लिहा.

पेनड्राइव्हला लाल दोरी बांधा आणि त्यावर मोबाइल नंबर चिकटवा. माझा एकदा एका पतसंस्थेच्या काउंटरमागे तीन आठवडे लटकत होता, आणि तिथल्या शिपायाला वाटत होतं तो सीसीटीव्हीचा भाग आहे.